खासदाराचे काम मोजायचे कशाने?

निवडणूक जवळ आली की खासदारावर दोन आरोप ठरलेले असतात. तो मतदारसंघात फिरकत नाही, हा एक. संसदेत तोंड उघडत नाही, हा दुसरा. दोन्ही आरोप पुष्कळदा खरे असतात. पण ते करताना दिल्लीतले काम आणि गावाकडचे काम या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत असे आपण धरून चालतो, आणि मग एकीसाठी हजेरीचे आकडे मोजतो, दुसरीसाठी हायमास्ट दिवे. ही दोन्ही मापे मला अपुरी वाटतात. खासदाराचे खरे काम या दोहोंना जोडणाऱ्या दुव्यात असते. मतदारसंघाचे दुखणे देशाच्या सभागृहात देशाचा प्रश्न म्हणून उभे करायचे आणि निर्णय झाला की तो गावात उतरेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. हे तपासून पाहायला राजापूर लोकसभा मतदारसंघाइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही.

२००८च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ नकाशावरून गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे नवे नाव आले. त्याआधीच्या पन्नास वर्षांत नाथ पै, मधु दंडवते आणि सुरेश प्रभू ही तीन माणसे इथून लोकसभेत गेली. मुलूख मनीऑर्डरवर चालणारा. कर्ता माणूस मुंबईत, घरी म्हातारी माणसे आणि भाताची चार कुणगी. इथे मोठे कारखाने नव्हते, साखरसम्राट नव्हते, की निवडणुकीत ओतायला सहकाराचा पैसा नव्हता. अशा ठिकाणी लोकांनी सलग कित्येक निवडणुका विरोधी पक्षाचा, आणि तोही फर्डा संसदपटू, निवडून दिला.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ साली प्रजा समाजवादी पक्षातर्फे ते पहिल्यांदा निवडून आले, मग १९६२ आणि १९६७ मध्येही. परराष्ट्र धोरण, गोवामुक्ती, सीमाप्रश्न हे त्यांचे विषय. पण त्यांच्या संसदीय कामाचा कळस म्हणावा ते एक खासगी विधेयक होते. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. दोनच महिन्यांत नाथ पैंनी संसदेचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट करणारे विधेयक मांडले. विरोधी बाकावरचा, एका लहान पक्षाचा सदस्य, आणि त्याच्या विधेयकाने सगळ्या देशाला घटनेवर बोलायला लावले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर रणे माजली, पण ते मंजूर झाले नाही, आणि पुढचे पाहायला नाथ पै राहिले नाहीत. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात ते गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी सरकारने २४वी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा तोच होता. १९७३च्या केशवानंद भारती निकालाने त्या अधिकाराला मूलभूत चौकटीची मर्यादा घातली, हा पुढचा इतिहास. नाथ पैंची भूमिका योग्य होती की नाही यावर आजही वाद होऊ शकतो. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, मालवण-देवगडच्या मतदाराला त्या विधेयकातून एक रुपयाही मिळणार नव्हता. तरी त्याने हा माणूस तीनदा पाठवला. आपला खासदार दिल्लीत काय बोलतो याचा अभिमान वाटणारा मतदार तेव्हा होता आणि त्याला घरी येऊन ते समजावून सांगणारा खासदारही होता. नाथ पैंच्या सभेला माणसे डोंगर उतरून, रात्री कंदील घेऊन यायची, असे जुन्या पिढीकडून कोकणात आजही ऐकायला मिळते.

मधु दंडवत्यांची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात दोन्ही कामांचा सांधा स्पष्ट दिसतो. मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. राजापूरशी रक्ताचे नाते नाही. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या, आणि राजापूरने दंडवते पाठवले. १९८४ साली सहानुभूतीच्या लाटेत ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसच्या झाल्या, तेव्हाही राजापूरने दंडवतेच पाठवले. १९७१ ते १९९१, सलग पाच वेळा.

१९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा रुळाचा एक तुकडाही नव्हता. अशा मंत्र्याने पहिल्याच दिवशी आपल्या जिल्ह्याकडे गाडी वळवली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. रेल्वेमंत्र्यांनी तसे करण्याची परंपराच आहे. दंडवत्यांनी आधी हात घातला तो दुसऱ्या वर्गाच्या डब्याला. तोवर त्या वर्गात रात्र काढणाऱ्याच्या पाठीखाली नुसती लाकडी फळी असायची. तिच्यावर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा निर्णय त्यांनी घेतला. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गभेद न ठेवता सुरू झाली. १९७४च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी कामावर परत घेतले. आज देशात कुठेही स्लीपरच्या डब्यात झोपणारा माणूस राजापूरच्या खासदाराच्या निर्णयावर झोपतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

मग कोकणचे काय? कोकण रेल्वेची मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी तिचा ध्यास घेतला होता, नाथ पैंनी ती लोकसभेत लावून धरली होती. दंडवत्यांच्या काळात आपटा ते रोहा या टप्प्याला चालना मिळाली. सरकार पडले आणि पुढची दहा वर्षे ते पुन्हा विरोधी बाकावर. रोह्यापर्यंत गाडी यायला १९८६ उजाडले, पुढे सगळा सह्याद्रीचा पायथा मोकळाच. या दहा वर्षांत दंडवते काय करू शकत होते? प्रत्येक रेल्वे अर्थसंकल्पावर बोलायचे, कपात सूचना द्यायच्या, प्रश्न विचारायचे, विषय मरू द्यायचा नाही. विरोधी खासदाराच्या हातात एवढेच असते. ते थोडे वाटते, पण पुढची संधी आली तेव्हा विषय जिवंत होता म्हणूनच ती साधता आली.

ती संधी डिसेंबर १९८९ मध्ये आली. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, रामकृष्ण हेगडे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. कोकण किनाऱ्याशी जिव्हाळा असलेली तीन माणसे एकाच वेळी तीन मोक्याच्या जागी. वार्षिक तरतुदीच्या तुकड्यांवर ही रेल्वे कधीच पूर्ण होणार नाही हे ओळखून स्वतंत्र महामंडळ काढायचे ठरले. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६, उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून. जुलै १९९० मध्ये महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन अध्यक्ष झाले, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली आणि नोव्हेंबरात सरकार गडगडले. सरकार गेले पण महामंडळ राहिले, रोख्यांचे पैसे आले, बोगदे पडत गेले. खात्याच्या फायलीत हे काम राहिले असते तर पुढच्या सरकारात तिच्यावर धूळ बसली असती, असे मला ठामपणे वाटते. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा सगळा मार्ग वाहतुकीला खुला झाला.

आणि दंडवते १९९१ साली राजापुरातून हरले. मतदारांना कृतघ्न म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तेव्हा रूळ अजून गावात आले नव्हते. भूसंपादनाच्या नोटिसा मात्र आल्या होत्या. मोठ्या कामाचे श्रेय आणि त्रास एकाच वेळी येत नाहीत. त्रास आधी येतो. वीस वर्षांचा पाठपुरावा पाच वर्षांच्या मतपेटीत मावत नाही, ही लोकशाहीची खरोखरची अडचण आहे.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी, कारण कोकण रेल्वेवरच्या गौरवपर लेखांतून ती गळते. ज्या स्वतंत्र महामंडळामुळे रेल्वे झाली, त्याच रचनेमुळे पुढे तिची वाढ खुंटली. भारतीय रेल्वेच्या भांडवली खर्चातून पैसा मिळत नाही, कर्जाचे ओझे आहे, आणि मार्ग बहुतांश एकेरीच राहिला. दुपदरीकरण झाले ते रोहा ते वीर एवढ्याच टप्प्याचे, तेही २०२१ मध्ये. गणपतीला चाकरमान्यांची गाडी तासन्‌तास क्रॉसिंगला थांबते ती म्हणून. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करावे या मागणीला २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही संमती दिली. थोडक्यात, १९९०चे उत्तर २०२५चा प्रश्न झाले. एका खासदाराने सोडवलेले काम दुसऱ्याने पुढे न्यावे लागते, ते कायमचे सुटत नसते.

सुरेश प्रभू १९९६ ते २००९ राजापूरचे खासदार होते. वीजमंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या विधेयकातून पुढे २००३चा वीज कायदा उभा राहिला. २०१४ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा मात्र राज्यसभेत होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २०१६ साली, शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प मांडला गेला, १९२४ पासूनची प्रथा संपली. आर्थिक शिस्तीच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय असेल. पण ज्या चर्चेत खेडोपाडीच्या खासदाराला आपल्या स्टेशनाचे, थांब्याचे, फाटकाचे नाव घेऊन बोलता यायचे, ती चर्चा त्यामुळे आक्रसली. दंडवत्यांनी दहा वर्षे विषय जिवंत ठेवला तो याच चर्चांच्या आधाराने.

आता आजच्या सभागृहाकडे येऊ. पहिल्या लोकसभेचे कामकाज वर्षाला सरासरी १३५ दिवस चालले. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून २७४ दिवस भरले, म्हणजे वर्षाला पंचावन्न. विभागवार स्थायी समित्यांत पक्षभेद बाजूला ठेवून विधेयकाची चिरफाड होते, आणि खासदार अभ्यास करतो की नाही हे तिथे कळते. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समितीकडे गेली होती. सतराव्यात ते प्रमाण १६ टक्क्यांवर आले. मार्च २०१८ मध्ये तर सगळ्या खात्यांच्या अनुदान मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला तर सदस्यत्व जाते, त्यामुळे महत्त्वाच्या विधेयकावर पक्षापेक्षा वेगळे मत देण्याची सोयही उरलेली नाही. खासगी विधेयकांना शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. नाथ पै आज असते तर त्यांच्या विधेयकावर चर्चा व्हायला तरी वेळ मिळाला असता का, अशी शंका येते.

राहता राहिले प्रश्न. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, आणि त्यांची निवड चिठ्ठीने होते. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते, विषय तिथे संपतो. तारांकिताचे मोल उपप्रश्नात आहे. मंत्र्याचे छापील उत्तर समोर आल्यावर सभासद उभा राहतो आणि खात्याने झाकलेली नेमकी जागा विचारतो. तासाभरात पाचसहा प्रश्न तोंडी होतात, बाकीचे पटलावर ठेवले जातात. उपप्रश्न विचारायला आधी घरी अभ्यास लागतो: मागच्या अधिवेशनातले उत्तर, मंजूर रक्कम, खर्ची पडलेली रक्कम, कंत्राटदाराला मिळालेली मुदतवाढ. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला वेगळी समितीही असते. हे हत्यार चालवणारा सदस्य वर्षात दहा प्रश्न विचारूनही खात्याला घाम फोडू शकतो. उलट पाचशे अतारांकित प्रश्न सहायकाकडून लिहून घेता येतात. म्हणून हजेरी, प्रश्नसंख्या आणि चर्चेतला सहभाग यांच्या आकड्यांवर खासदारांची क्रमवारी लावणे मला पटत नाही. आकडे उपलब्ध झाले ही चांगलीच गोष्ट, पण कुठल्या प्रश्नामुळे काय हलले ते आकड्यात दिसत नाही. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, म्हणून दंडवत्यांची मंत्रिपदाची वर्षे त्या तक्त्यात रिकामीच दिसली असती.

गावाकडचे काम या काळात अवाढव्य झाले. १९५२ साली एका खासदारामागे सरासरी साडेतीन लाख मतदार होते, आज जवळपास अठरा लाख. रत्नागिरी-सिंधुदुर्ग सरासरीपेक्षा लहान, तरी चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला. या पट्ट्यात कोणाला मुंबईच्या इस्पितळासाठी पंतप्रधान सहायता निधीचे पत्र हवे असते, कोणाला रेल्वेच्या कोट्यातली जागा, कोणाचा मुलगा आखातात अडकलेला असतो. पूर्वी गॅस आणि टेलिफोनच्या कनेक्शनसाठी रांग लागायची, मग केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी. तो दहा जागांचा कोटा २०२२ मध्ये बंद झाला, ते योग्यच झाले. या पत्रांना कमी लेखू नये. ज्याच्याकडे वशिला नाही त्याला खासदाराची चिठ्ठी हा शेवटचा आधार असतो. पण सरकारी यंत्रणा सरळ चालली असती तर यांतली निम्मी पत्रे लागलीच नसती, आणि ती का चालत नाही हे विचारणे हेच तर संसदेतले काम.

खासदार निधी हा या साऱ्याचा सर्वांत दिसणारा भाग. डिसेंबर १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारने योजना आणली, तिच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत मुंबईचे राम नाईक पुढे होते. आधी वर्षाला एक कोटी, १९९८ पासून दोन, २०११ पासून पाच. कोविडमध्ये निधी दीड वर्ष थांबला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये योजना रद्द करा अशी शिफारस केली, कारण पैसे सुचवणाराच सरकारला जाब विचारणारा असावा यात गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती घटनात्मक ठरवली. कायद्याने प्रश्न मिटला, पण आयोगाचे म्हणणे मला अजूनही वजनदार वाटते.

निधी चालतो कसा ते जवळून पाहण्यासारखे आहे. खासदार पैसे खर्च करत नाही, फक्त काम सुचवतो. कोकणातल्या एखाद्या वाडीला पऱ्ह्यावर साकव हवा आहे असे समजा. वाडी खासदाराला निवेदन देते. खासदाराची शिफारस जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत जाते. अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. हे सगळे होईल, पण जागा सार्वजनिक मालकीची हवी. कोकणातल्या सातबाऱ्यावर तीसतीस नावे असतात, त्यातली वीस मुंबईत, काहींचे वारस लागलेले नाहीत. एका सहहिस्सेदाराने संमतिपत्रावर सही करायचे नाकारले की पावसाळा येतो, मुले पुन्हा गुडघाभर पाण्यातून शाळेत जातात. ज्या खासदाराची माणसे दादर-परळला चाकरमान्यांच्या खोलीवर जाऊन ती सही आणतात, तिथे साकव होतो. जिथे हा खटाटोप नको असतो, तिथे निधी सोप्या कामाकडे वळतो: हायमास्ट, बाक, व्यायामशाळेचे साहित्य. दिव्याला सातबारा लागत नाही. वाडीवाडीवर हायमास्ट का दिसतात आणि साकव का रखडतात, याचे मोठे कारण मला हे दिसते.

रकमेचाही विचार करा. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. आमदाराचा निधीही आता वर्षाला पाच कोटी आहे. म्हणजे ज्या प्रदेशात सहा आमदार मिळून तीस कोटी सुचवतात, तिथे खासदाराचे पाच. शिवाय जिल्हा नियोजन समितीचे शेकडो कोटी पालकमंत्र्याच्या हाती. पाच कोटींच्या पाट्यांवर खासदाराला तोलणे म्हणजे त्याला सर्वांत गरीब आमदार म्हणून तोलणे. त्याच्याकडे असलेली आणि आमदाराकडे नसलेली ताकद वेगळी आहे: केंद्राचे खाते त्याला उत्तर द्यायला बांधलेले आहे.

ही ताकद वापरली जाते का? मुंबई-गोवा महामार्गाकडे पाहावे. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून कितीएक मुदती गेल्या, उच्च न्यायालयाने वारंवार कान उपटले, आणि खड्ड्यांनी घेतलेल्या बळींनी प्रत्येक तालुक्यात घरे रिकामी केली. या काळात कोकणातून निवडून गेलेल्या खासदारांनी प्रश्न विचारले नाहीत असे नाही. तारखा मिळाल्या. पण हा रस्ता एकाच यंत्रणेकडे नाही. इंदापूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, तिथून झारापपर्यंत केंद्राच्या वतीने राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची राष्ट्रीय महामार्ग शाखा, आणि भूसंपादन महसूल खात्याकडे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांनी पक्ष विसरून, टप्प्याटप्प्याची कंत्राटे आणि मुदतवाढी हातात घेऊन एकाच अधिवेशनात मंत्र्याला घेरले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. कोकण रेल्वेसाठी चार राज्ये एकत्र आणता आली. एका रस्त्यासाठी दोन मतदारसंघ एकत्र यायला काय हरकत होती, याचे उत्तर या भागातल्या माणसाला मिळायला हवे.

जाब विचारण्याची एक जागा जिल्ह्यातच आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्यात ‘दिशा’ समिती आहे: जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती. अध्यक्ष खासदार. रोजगार हमी, ग्रामसडक, घरकुल, जलजीवन, राष्ट्रीय महामार्ग, केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या बहुतेक योजनांचा आढावा तिथे घ्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी बैठक व्हावी असा नियम. समोर जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सगळे खातेप्रमुख. खासदाराची दोन्ही कामे जिथे एका टेबलावर येतात ती हीच जागा. इथे मिळालेल्या आकड्यांवर दिल्लीत उपप्रश्न विचारता येतो, दिल्लीत मिळालेले उत्तर इथे अधिकाऱ्यापुढे ठेवता येते. राम नाईक खासदार असताना दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून लोकांपुढे ठेवत. आजच्या प्रत्येक खासदाराने तसा अहवाल काढावा, आणि त्यात हायमास्टची यादी नसली तरी चालेल. दिशा समितीच्या वर्षभरातल्या बैठकांच्या तारखा, त्यांची इतिवृत्ते आणि त्यांतून सभागृहात गेलेले प्रश्न एवढे जरी असले, तरी चिपळूणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मतदाराला आपल्या माणसाचे काम वाचून ठरवता येईल.